नऊ-पाचची अकरा माणसं

टेगनला मोजायची सवय होती. एमिर झोपला की त्याचे श्वास मोजायची, जिना उतरताना पायऱ्या मोजायची, आणि मंगळवारी सकाळी नऊ-पाचच्या बसमध्ये बसलं की माणसं मोजायची. काळजीला काहीतरी काम लावून दिलं की ती घटकाभर गप्प बसते, हे तिला कॉलेजात असतानाच कळलं होतं. माणसं अकरा भरायची. एखादं कमी भरलं तर ती दोन थांबे बेचैन असायची. एमिर त्यात धरलेला नसायचा. तीन वर्षांचा, मांडीवर बसणारा, त्याचं तिकीट कोण मागतं?

एमिर बोलत नव्हता. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. बिस्किटांचा डबा नव्या जागी लपवला की घरात पहिला पत्ता त्यालाच लागायचा. पण तोंडातून शब्द नाही. आई नाही, नको नाही, साधं हूं नाही. सासूबाई म्हणायच्या, ल्यूकसुद्धा उशिराच बोलला, आणि अजून तरी कुठे फार बोलतो. टेगन हसायची, पण ते हसू स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच पुरायचं.

चौदा महिने वाट पाहिल्यावर खालच्या शहरातल्या दवाखान्यात स्पीच थेरपीची वेळ मिळाली होती. दर मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटं. नियम असा की दोन खाडे झाले की नाव कमी, पुन्हा रांगेच्या शेपटाला. एक खाडा जानेवारीतल्या बर्फाने आधीच खाल्लेला. टेगनचा नवरा ल्यूक गाडी घेऊन पहाटे पाचला गोदामाच्या पाळीला जायचा. म्हणजे उरली चौसष्ट नंबरची नऊ-पाच. ती ब्लाएनगेली या त्यांच्या डोंगरातल्या गावाच्या वरच्या टोकावरून निघायची आणि दहाला पाच कमी असताना दवाखान्याच्या दारात सोडायची. एमिरच्या जिभेचं जे काही व्हायचं होतं ते त्या एका बसवर टांगलेलं होतं.

फेब्रुवारीत थांब्याच्या काचेवर पिवळा कागद लागला. एप्रिलअखेर नऊ-पाच बंद. पहिली बस अकरा-वीसला.

टेगनने तो कागद तीनदा वाचला. शेजारी बोपा नेस्टा उभी होती. नेस्टा सगळ्या आळीची बोपा, म्हणजे मावशी. सख्खी कुणाचीच नाही, पण पाठीत धपाटा घालायचा हक्क सगळ्यांच्या. वय एक्याऐंशी, हातात तीन पिशव्या. तिने कागदाकडे पाहिलं, चष्मा आणला नव्हता म्हणून टेगनला विचारलं, आणि ऐकून म्हणाली, "आधी खाण नेली, मग आगगाडी नेली, मग बँक नेली. आता डोंगर तेवढा उरलाय. त्याला चाकं नाहीत म्हणून."

कौन्सिलने सभा लावली ती खाणकामगारांच्या जुन्या हॉलमध्ये. तिथलं छत गळतं म्हणून खुर्च्या तिरप्या ओळीत मांडलेल्या आणि मधोमध एक बादली. टेगन एमिरला मांडीवर घेऊन कडेला बसली, दार जवळ असावं म्हणून. मागच्या ओळीत ड्रायव्हर एल्विन हाताची घडी घालून बसला होता, अंगात कंपनीचंच जाकीट. चौसष्ट नंबर म्हणजे एल्विन हे एकोणीस वर्षांचं गणित. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते त्याला डॉक्टरच्या आधी ठाऊक असायचं.

कौन्सिलची बाई तरुण होती, आवाजाने मऊ होती आणि दमलेली होती. त्या महिन्यातली ही तिची सहावी सभा. तिने पडद्यावर आकडे लावले. नऊ-पाचच्या बसला, गेल्या तीन वर्षांची सरासरी धरून, प्रवासी तीन.

हॉलमध्ये हसू फुटलं.

"तीन?" मॉल्डविन म्हणाला. छातीत खाणीची धूळ घेऊन घरी बसलेला माणूस, वाक्य दोन श्वासांत बोलायचा. "तीन तर... नेस्टाच्या पिशव्याच असतात."

मागून कोणी म्हणालं, मग आम्ही काय भुतं आहोत का. कोणी म्हणालं, लंडनमध्ये बसून मोजलं असेल. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की मोजणारा माणूस नसतो. तिकीट निघालं की नोंद होते, ज्येष्ठांचा फुकट पास यंत्राला लावला की पीं वाजतं आणि नोंद होते. कागदावर येतं ते एवढंच. पीं वाजलं नाही तर माणूस बसमध्ये नव्हता.

बाकीचे यंत्राला शिव्या देऊ लागले. टेगन मात्र आठवायला लागली, एल्विनच्या बसमध्ये तो आवाज आपण शेवटचा कधी ऐकला. ऑगस्टमध्ये एल्विन सुट्टीवर गेला होता तेव्हा. बदली ड्रायव्हर पोरगेला होता, प्रत्येकाला थांबवत होता आणि नेस्टा त्याला म्हणाली होती, बाळा, तुझ्या आईने शिकवलं नाही का. एल्विन असला की तसं काही नसायचं. दार उघडायचं आणि तो म्हणायचा, "बस, बाई, आधी बस. पर्स नको उपसू, भिजशील." म्हाताऱ्या त्याच्या खांद्यावर थाप मारून आत जायच्या. पीं करायच्या त्या फक्त कॉलेजच्या दोन पोरी, कानात बोंडं घालून, आणि चॅपेलमधली मिसेस प्रॉसर, जी कोणाचंच ऐकत नसे. झाले तीन.

आणि ती स्वतः? मुलाची गाडी दुमडता दुमडता दर मंगळवारी तिला एल्विनचा आवाज यायचा, पोराला आत घे आधी, तिकिटाचं मागनं बघू. ते मागनं कधी आलंच नव्हतं. टेगननेही कधी आठवण करून दिली नव्हती.

तिने वळून पाहिलं. एल्विन बाकीच्यांसारखाच मान हलवत होता, रागाने कान लाल झालेले. त्याला कळलेलंच नव्हतं.

आता उठून सांगितलं तर आकडे खोटे ठरतील. बस वाचेल कदाचित. आणि एल्विनचं काय होईल, तेही या हॉलमध्ये, या सगळ्यांसमोर, त्याच्याच कंपनीच्या साहेबाच्या देखत? साहेब पहिल्या ओळीत बसला होता. टेगनचा हात अर्धा वर गेला. बाईने विचारलं, "हो, तुम्ही?"

"अकरा-वीसच्या बसमध्ये," टेगन म्हणाली, "मुलाच्या गाडीला जागा असेल का?"

असेल, बाई म्हणाली आणि लिहून घेतलं. टेगन खाली बसली. घरी जाईपर्यंत तिला स्वतःची शिसारी येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एमिरला घेऊन गावाच्या वरच्या टोकाला गेली. तिथे बस वळते आणि एल्विन आठ मिनिटं इंजिन बंद करून चहा पितो. मेंढ्यांनी कोणाचा तरी कचऱ्याचा डबा आडवा केला होता. एल्विनने दार उघडलं, आज शुक्रवार ना, म्हणाला, तू मंगळवारची.

टेगनने सांगितलं. वाक्यं तिने घरी पाठ केली होती, पण निघाली ती वेगळीच, उलटसुलट. पासाचं, पीं वाजण्याचं, ऑगस्टमधल्या पोरग्याचं. एल्विन थर्मासचं झाकण हातात धरून ऐकत राहिला. चहाची वाफ थांबली तरी त्याने घोट घेतला नाही.

"म्हणजे मी," तो म्हणाला आणि थांबला. "म्हणजे माझ्या हातानं?"

"सगळ्यांच्याच," टेगन म्हणाली. "मी पण."

मग त्याने सांगितलं. फार वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, नेस्टा दारात उभी राहून पर्समध्ये पास शोधत होती. मागे गाड्या खोळंबलेल्या. त्याने ब्रेक जरा सोडला. बस हातभर पुढे सरकली असेल नसेल, नेस्टा पडली, मनगट मोडलं. तिने तक्रार केली नाही. घरी बोलावून चहाबरोबर तव्यावरचे केक दिले, प्लास्टर घातलेल्या हाताने. त्या दिवसापासून त्याच्या बसमध्ये आधी बसायचं. पासाचं कोणाला पडलंय, तो म्हणायचा, फुकटचाच तर आहे.

"फुकट आहे म्हणूनच मी वाजवायला लावलं नाही," तो म्हणाला. "कुणाचं नुकसान नाही असं वाटलं."

आठ मिनिटं संपली होती. त्याने चहा खिडकीतून ओतून दिला आणि बस सुरू केली.

सोमवारपासून एल्विन बदलला. बस थांबवायचा, ब्रेक ओढून इंजिन शांत करायचा आणि म्हणायचा, पास. म्हाताऱ्या चक्रावल्या. मॉल्डविन म्हणाला, तुला बढती मिळाली का रे. नेस्टा तर दारातच ठाण मांडून उभी राहिली.

"एकोणीस वर्षं मी या बसमध्ये चढतेय. तुझ्या बापाचं ढुंगण पुसत होते तेव्हापासून मी त्याला ओळखते. आणि तू मला पास विचारतोस?"

"मोजलं जायला पाहिजे, बोपा," एल्विन म्हणाला. त्याने टेगनचं नाव घेतलं नाही. सगळं आपल्याच अंगावर घेऊन, थांब्याथांब्यावर, प्रत्येकाला सांगितलं. सांगताना तो समोर रस्त्याकडे पाहत होता.

मग पास निघाले, आणि निघाले ते असे की बघत राहावं. तीन पासांची मुदत कधीच संपलेली. एकाचा पास कुत्र्याने चावलेला. मॉल्डविनचा घरी, घड्याळाच्या मागे. नेस्टाने पर्सच्या तळातून एक काढून यंत्राला लावला. यंत्र तांबडं झालं. एल्विनने फोटो पाहिला. फोटोत मिशा होत्या.

"बोपा, हा तर तुझ्या नवऱ्याचा, अंकल हायवेलचा."

"मला दिसतंय. चष्मा आहे आज."

"त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

"मग? तो पण याच बसनं जायचा," नेस्टा म्हणाली, पास परत पर्समध्ये ठेवला आणि नेहमीच्या जागी जाऊन बसली. एल्विनने बस सुरू केली.

नवे पास इंटरनेटवरून मागवायचे होते. हे काम टेगनच्या गळ्यात आपोआप पडलं, शिकलेली म्हणून. दुपारी एमिर झोपला की ती एकेकाच्या घरी जाऊन फोनवर अर्ज भरायची. भिंतीला टेकवून फोटो काढायचे, जन्मतारीख विचारायची, चहाला नको म्हणायचं आणि तरी प्यायचा. मॉल्डविनचा फोटो यंत्रणेने तीनदा परत पाठवला, चेहरा नीट दिसत नाही म्हणून. तो म्हणाला, आरशालाही हीच तक्रार आहे. नेस्टाच्या घरी फोटो काढताना टेगनच्या लक्षात आलं की तिचं डावं मनगट अजून थोडं वाकडं आहे.

मार्चच्या मध्यापर्यंत टेगन नऊ-पाचमध्ये दोन प्रकारे मोजायला लागली, डोकी आणि आवाज. पहिल्या मंगळवारी चार. मग सहा, मग नऊ. तिचं स्वतःचं कार्ड धरून. आणि एका मंगळवारी दोन्ही आकडे जुळले. अकरा डोकी, अकरा वेळा पीं. एमिर मांडीवर ताठ बसून यंत्राकडे बघत होता. प्रत्येक पींला त्याच्या भुवया वर जायच्या. टेगनला वाटलं आता कोणालातरी मिठी मारावी. शेजारी मिसेस प्रॉसर होती, म्हणून राहिलं.

एल्विनने कंपनीला पत्र लिहिलं. खाडाखोड करून, चार पानी. टेगनने त्यातल्या चुका सुधारल्या, पण जिथे त्याने स्वतःला दोष दिला होता ती ओळ तिला काही केल्या हलकी करता आली नाही. तो करू देईना. तिने स्वतः कौन्सिलच्या बाईला वेगळं पत्र पाठवलं, आठवड्यांचे आकडे जोडून.

उत्तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. सौजन्याने भरलेलं. प्रवासी वाढल्याची दखल घेतली आहे. तथापि निर्णय आधीच्या तीन वर्षांवर घेतला गेला असून करार झालेला आहे. पुढील फेरआढावा अठरा महिन्यांनी. एल्विनला कंपनीने लेखी ताकीद दिली आणि खालच्या हमरस्त्यावरच्या बसवर हलवलं, जिथे प्रवासी ओळखीचे नसतात.

टेगनने दवाखान्यात फोन केला. दुसरी वेळ मिळेल का? मिळेल, तिकडची मुलगी म्हणाली, दुपारची, गुरुवारी, पण ती यादी वेगळी. साधारण पुढच्या वसंतात. तोवर मंगळवार चालू ठेवा, सोडू नका. टेगन म्हणाली, नाही सोडत.

शेवटच्या शनिवारी नऊ-पाचला कोणी फुगे बांधले नाहीत की भाषण केलं नाही. उतरताना सगळे नेहमीसारखे ड्रायव्हरला थँक्स, ड्राइव्ह, म्हणाले. बदली ड्रायव्हर होता, त्याला वाटलं हे लोक फार नम्र आहेत.

त्यानंतरच्या मंगळवारी टेगन साडेसातला घराबाहेर पडली. जुन्या आगगाडीच्या रुळांच्या जागी आता पायवाट आहे, डोंगराच्या कडेकडेने हमरस्त्यापर्यंत उतरते. साडेतीन मैल. ल्यूक म्हणाला होता, साहेबाला विचारून बघतो पाळी बदलून मिळते का. तो विचारून आला होता. टेगनने उत्तर त्याच्या बुटांच्या आवाजावरून ओळखलं होतं.

पाऊस म्हणावा असा नव्हता, पण थांबतही नव्हता. एमिरवर प्लास्टिक टाकलेलं, आतून त्याने ते चाटून धुरकट केलेलं. पायवाटेवर पाणी साचलेलं, चाकं रुतायची. टेगन वाटेकडेचे खांब मोजत होती. दुसऱ्या मैलाला डावं चाक करकरू लागलं तेव्हा तिने खांब सोडून चाकाची करकर मोजायला घेतली. मनात एकच हिशेब, हमरस्त्यावरची सव्वानऊची बस चुकली तर दुसरा खाडा.

हमरस्ता दिसला तेव्हा बस थांब्यावर उभी होती. टेगन पळायला लागली. उतारावर गाडी तिच्यापुढे पळत होती. बसचं दार बंद झालं, मग पुन्हा उघडलं. ती पोचेपर्यंत उघडंच राहिलं.

आत एल्विन होता. मागून एक माणूस घड्याळ दाखवत होता, आम्हाला कामं नाहीत का. एल्विनने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दोन मिनिटं उशीर, आणि हल्ली यंत्र तेही लिहून ठेवतं.

"पोराला आत घे आधी," तो म्हणाला आणि पुढचं वाक्य तोंडातच गिळलं.

टेगनने ओल्या हाताने कार्ड काढलं आणि यंत्राला लावलं. पीं. मग ती बसली. एल्विनने ब्रेक सोडला तो ती बसल्यावरच.

दहा-दहाला ती दवाखान्याच्या खुर्चीत होती. पायमोजे ओले, केसांतून पाणी मानेवर. थेरपिस्ट हेलेद, शांत बाई, नेहमीसारखी जमिनीवर बसून एमिरशी दुकान दुकान खेळू लागली. लाकडी सफरचंद, लाकडी पाव. तिने त्याच्या हातात पुठ्ठ्याचं कार्ड दिलं आणि म्हणाली, दे मला.

एमिरने दिलं नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं, उठला, दाराच्या चौकटीपाशी गेला. कार्ड चौकटीवर टेकवलं.

"पीं," तो म्हणाला.

हेलेदचं पेन थांबलं. एमिर परत आला, सफरचंद उचललं, तेही चौकटीला नेऊन लावलं. पीं. मग पाव. मग हेलेदचा बूट. प्रत्येक वेळी ओठ घट्ट आवळून, मग सोडून. पीं. मग त्याने आईचं बोट धरलं, ओढत नेलं आणि तिचा ओला पंजा लाकडावर दाबला. पीं.

"हा शब्द नाही," हेलेद हळूच म्हणाली. "पण ओठ मिटून आवाज काढणं, हेच त्याला जमत नव्हतं. मी लिहून ठेवते." तिने दोन ओळी लिहिल्या. "मोठी आशा लावून घेऊ नका एवढ्यात. पण एकही मंगळवार चुकवू नका."

"नाही," टेगन म्हणाली.

एमिर खोलीतल्या वस्तू एकेक करून चौकटीपाशी नेत होता. टेगन मोजत होती. अकराच्या पुढे गेल्यावर तिने मोजणं सोडलं आणि वाकून पायमोजे पिळले. वर गावात जाणारी बस आता थेट संध्याकाळी होती; दुपारची हमरस्त्यापर्यंतच. पुढे चढ.